शेवटच्या गावची प्रिंट

लहान गावच्या थेटरात सिनेमा यायचा तो थकूनभागूनच. नवी प्रिंट, म्हणजे सिनेमाच्या फिल्मची प्रत, आधी मोठ्या शहरांत चालायची, मग मधल्या गावांत, मग त्याहून धाकट्या. सगळ्यांची हौस फिटली की पत्र्याच्या डब्यांत बसून ती आमच्या वाट्याला. तोवर पोस्टरवरचा तरणाबांड नायक दुसऱ्या एखाद्या सिनेमात बापाच्या भूमिकेत गेलेला असायचा. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

पडद्यावर कायम पाऊस. भर उन्हातल्या प्रसंगातही. ऑपरेटरच्या केबिनमध्ये शिरायला मिळालं की या पावसाचा उलगडा व्हायचा. फिल्मच्या चकचकीत बाजूला ओरखडा गेला तर पडद्यावर काळी रेघ येते. रंगांच्या बाजूला गेला तर हिरवी; आणखी खोल गेला तर पिवळी, आणि रंगाचे सगळे थर खरवडले गेले की पांढरी. त्यामुळे जाणकार माणूस नुसत्या रेघांवरून प्रिंटने काय काय सोसलंय ते सांगू शकायचा. रिळाच्या दोन्ही टोकांना हा पाऊस मुसळधार, कारण हात लागायचे ते तिथेच. मधे जरा उघडीप.

मला मात्र जास्त गंमत वाटते ती लांबीची. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 24 सुटी चित्रं; मिनिटाला 90 फूट फिल्म. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे चार किलोमीटरहून लांब पट्टी! ती कुठे ना कुठे तुटणारच. तुटली की फाटक्या फ्रेम कापायच्या, टोकाला टोक जोडायचं आणि पुढे चालू. प्रत्येक मुक्कामी अशा दोन-चार फ्रेम गळत गेल्या की शेवटच्या गावात पोचणारा सिनेमा खरोखरच आखूड झालेला असे. नायक दारात दिसायचा आणि पापणी लवायच्या आत खुर्चीत. शिवाय कुठल्याही चित्राचा आवाज फिल्मवर त्याच्या शेजारी नसतो, 20-21 फ्रेम पुढे छापलेला असतो. म्हणून जोड आला की चित्र आधी उडी मारायचं आणि आवाज सेकंदभराने तिच्या मागून. तेवढ्या वेळात ओठ एक बोलायचे, कानावर दुसरंच. शिट्ट्या मात्र ऑपरेटरच्या नावाने! बिचाऱ्याच्या हाती आधीच ठिगळं लावलेला माल यायचा.

कापलेले तुकडे आम्हा पोरांना मिळायचे. फ्रेमच्या दोन्ही कडांना चार-चार भोकं. उजेडाकडे धरून पाहिलं तर पाच फ्रेममध्ये एकच हात, जवळजवळ तिथेच. तो हलतोय हे ताडायला पहिली आणि पाचवी शेजारी धरून पाहावी लागायची.

रांगेत शेवटचं असण्याचा एक फायदाही असतो, तो कॅनडातल्या डॉसन सिटीने दाखवला. सोन्याच्या शोधात वसलेलं हे उत्तरेकडचं गाव मूकपटांच्या वाटेवरचं अगदी टोकाचं ठाणं. तिथे सिनेमा दोन-तीन वर्षं उशिरा पोचायचा आणि परत पाठवण्याचा खर्च वितरकांना परवडायचा नाही. म्हणून रिळं तिथेच साठत गेली. नायट्रेटची फिल्म भयंकर पेट घेणारी, सांभाळायची तरी कुठे? 1929 मध्ये गावातला जुना पोहण्याचा तलाव बुजवताना भरावात त्यातली शेकडो रिळं घातली. पुढे 1978 मध्ये बांधकामासाठी खोदताना ती बाहेर आली: 533 रिळं. कायम गोठलेल्या जमिनीने ती टिकवली होती. पाण्याने कडा डागाळल्या होत्या, पण त्यांत असे कितीतरी मूकपट होते ज्यांची दुसरी प्रत जगात कुठेच उरली नव्हती. ज्या शहरांनी ते कोरे करकरीत पाहिले, तिथे त्यांचा मागमूस नव्हता.

आता सिनेमा हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहावरून येतो, लहान गावातही पहिल्याच दिवशी. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत, एक फ्रेम कमी नाही. यात काही वाईट आहे असं मी म्हणणार नाही; त्या पावसात डोळे ताणून बसलेल्या माणसाने तर मुळीच म्हणू नये. फक्त फाइलला सांकेतिक कुलूप असतं आणि किल्लीला मुदत. मुदत संपली की थेटरात ती फाइल असून नसल्यासारखीच. तलावात टाकायलासुद्धा काही मागे राहत नाही.