आतल्या खोलीतला संगणक आणि दीड मीटरची केबल

वाईच्या आमच्या जुन्या घरात राउटर सोप्यात आहे आणि अण्णांचा संगणक माजघरापलीकडच्या खोलीत आहे. मधल्या दोन्ही भिंती दगडमातीच्या असून त्यांची जाडी हातभर तरी सहज भरेल. गेल्या दिवाळीत घरात फायबरची जोडणी आली, तेव्हा पहिला विचार अर्थातच लॅन केबल ओढण्याचा होता, कारण जिथे तार नेता येते तिथे तारेला पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे. पण शंभर वर्षांच्या भिंतीला भोक पाडायला अण्णा तयार झाले नाहीत आणि मलाही तो धोका पत्करावासा वाटला नाही. संगणकात वायफाय कार्ड नव्हते. म्हणून बाजारातून बोटाच्या पेराएवढा यूएसबी वायफाय अडॅप्टर आणला. दुकानात त्याला सगळे डोंगलच म्हणतात.

त्याच सुट्टीत दुसरे एक काम उरकायचे होते. विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले आणि अण्णांचे यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. गावाच्या इतिहासाची टिपणे टंकायला आणि जुन्या गॅझेटियरांच्या स्कॅन प्रती वाचायला ते यंत्र अजून उत्तम आहे, त्यामुळे ते भंगारात काढण्याऐवजी मी त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत संगणकप्रणाली बसवली. माझ्याजवळच्या पेनड्राइव्हमध्ये २१ वी आवृत्ती होती आणि तिच्याबरोबर येणारा कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ५.१५ होता. हा आकडा पुढे महत्त्वाचा ठरला.

अडॅप्टर लावला, पण वायफायची एकही जोडणी दिसेना. त्याऐवजी डेस्कटॉपवर सीडीचे चित्र उमटले. अण्णांना वाटले की चुकीची वस्तू आणली. प्रत्यक्षात असे अनेक अडॅप्टर सुरुवातीला स्वतःची ओळख सीडी ड्राइव्ह म्हणून करून देतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारी आज्ञावली, साठवलेला असतो आणि विंडोजवर तो तिथूनच बसवला जावा अशी योजना असते. लिनक्सवर त्या साठ्याचा उपयोग नाही. त्या चित्रावर उजवी कळ दाबून ‘इजेक्ट’ म्हटले की दोन-तीन सेकंदांत तीच वस्तू सीडीचा वेष टाकून वायफाय यंत्र म्हणून पुन्हा प्रकट होते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा आधी आणि नंतर देऊन पाहिली, तर यादीतील त्याच ओळीतला ओळखक्रमांक बदललेला दिसला. वस्तू बिघडलेली नाही याची खात्री त्या एका ओळीने झाली.

तरीही जोडणी झाली नाही, कारण आतल्या चिपचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये ६.२ या आवृत्तीपासून आला आहे आणि आमच्याकडे ५.१५ होता. खोक्यावरचे नाव आणि आतली चिप यांचा फारसा संबंध नसतो, ही गोष्ट खरेदीपूर्वीच लक्षात घ्यायला हवी. एकाच नावाच्या अडॅप्टरच्या पुढच्या आवृत्तीत निराळ्याच कंपनीची चिप निघते आणि खोक्यावर फक्त बारीक अक्षरांत आवृत्तीचा क्रमांक बदललेला असतो. लिनक्स वापरणाऱ्याने दुकानदाराला वेग विचारण्याआधी चिप विचारावी. मीडियाटेकच्या एमटी ७६१२यू या चिपचा ड्रायव्हर कर्नेल ४.१९ पासून आतच आहे. अथेरॉसची एआर ९२७१ ही चिप त्याहून जुनी, केवळ २.४ गिगाहर्ट्झ या वायफायच्या लहरीपट्ट्यावर चालणारी आहे. तिचे फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारी आज्ञावली, हेही २०१३ मध्ये खुले केले गेले, त्यामुळे ती अजून बिनबोभाट चालते.

ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा, असा पेच पडला, तेव्हा फोन कामाला आला. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडून सेटिंगमधले ‘यूएसबी टिथरिंग’ चालू केले, की संगणकाला तो तारेची जोडणी असल्यासारखा दिसतो आणि त्यासाठी वेगळे काही बसवावे लागत नाही. शिवाय फोन स्वतः घरच्या वायफायवर असेल तर मोबाइलचा डेटाही खर्च होत नाही. त्या वाटेने अपडेट मॅनेजरमधून नवा कर्नेल घेतला, संगणक पुन्हा सुरू केला आणि घरचे नेटवर्क यादीत आले. परवलीचा शब्द अण्णांनी स्वतः टाकला.

यानंतरचा भाग मला सर्वांत सांगण्यासारखा वाटतो, कारण बहुतेक लोक इथे अडॅप्टरला नावे ठेवून थांबतात. जोडणी झाली खरी, पण वेग सेकंदाला जेमतेम ४ मेगाबिट मिळे आणि दर काही मिनिटांनी ती तुटे. अडॅप्टर सीपीयूच्या डब्याच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून लावलेला होता. एका बाजूला पत्र्याचा डबा, दुसऱ्या बाजूला दगडी भिंत, शेजारी लोखंडी कपाट आणि खालच्याच छिद्रात यूएसबी ३.० ची बाहेरची हार्ड डिस्क. याहून वाईट जागा शोधूनही सापडली नसती. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. इतक्या लांबीच्या लहरीपुढे डब्याचा पत्रा भिंतीसारखाच उभा राहतो आणि इवल्याशा अँटेनाला जे काही पोहोचायचे ते परावर्तित होऊनच पोहोचते.

हार्ड डिस्कचा मुद्दा मलाही पूर्वी ठाऊक नव्हता. यूएसबी ३.० ची जोडणी सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने चालते आणि त्या धावपळीत तिची केबल आणि जोड नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट सोडतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर लेख प्रसिद्ध केला होता, त्यात अशा उपकरणाजवळ गोंगाटाची पातळी सुमारे २० डेसिबलने चढलेली दाखवली आहे, म्हणजे शंभरपट. दुरून येणारा क्षीण आवाज ऐकायचा आणि कानाशी कोणी ताशा वाजवायचा, अशी त्या अडॅप्टरची अवस्था होती.

मग दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल आणली. अण्णांच्या टेबलाच्या वर, दाराच्या बाजूला, एक जुना कोनाडा आहे. पूर्वी त्यात दिवा ठेवत असत. केबल वर नेऊन अडॅप्टर त्या कोनाड्याच्या कडेला उभा केला आणि टर्मिनलमध्ये सिग्नल पाहिला. तो डीबीएम या मापात दिसतो आणि आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार. डब्यामागे तो उणे ७८ डीबीएम होता, कोनाड्यात उणे ६१ झाला. सतरा डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीत जवळजवळ पन्नासपट वाढ. मी तिथेच उभा राहून अडॅप्टर वीतभर डावीकडे, वीतभर उजवीकडे सरकवून पाहिला, तर तेवढ्यानेही आकडा तीन-चारने हलत होता. दाराच्या उघड्या चौकटीतून माजघर आणि त्यापलीकडे सोप्याचा कोपरा जिथून दिसतो, तिथे आकडा सर्वांत चांगला येतो. वेग ३५ मेगाबिटच्या पुढे गेला आणि जोडणी तुटणे थांबले.

खोक्यावर ६०० हा आकडा होता, याचे अण्णांना राहून राहून आश्चर्य वाटत होते. तो आकडा दोन पट्ट्यांच्या कागदोपत्री वेगांची बेरीज असतो. ५ गिगाहर्ट्झवर ४३३ आणि उरलेला २.४ वर, आणि अडॅप्टर एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो. त्यातही तो वेग हवेतला असतो, प्रत्यक्ष हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास पडतो. ५ गिगाहर्ट्झ आमच्या भिंतींतून जवळजवळ येतच नाही. म्हणून मी अण्णांच्या संगणकाला २.४ वरच कायम केले आणि राउटरवर चॅनेल आपोआप निवडण्याऐवजी ११ ठेवला, कारण शेजारच्या दोन्ही घरांचे राउटर १ आणि ६ वर आहेत. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ एवढेच तीन मिळतात.

कार्डच का नाही बसवले, असे शेजारच्या काकांनी विचारले. संगणकाच्या आत बसणारे कार्ड एरवी चांगलेच असते, पण त्याच्या अँटेना पुन्हा त्याच डब्यामागे येतात. यूएसबी अडॅप्टरचा खरा गुण असा की कान, म्हणजे अँटेना, हवा तिथे नेऊन ठेवता येतो. काकांच्या संगणकावर विंडोज आहे आणि त्यांचा अडॅप्टर अधूनमधून ‘झोपतो’. त्यांच्याकडे डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर जाऊन, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाकली. हार्ड डिस्क त्यांचीही शेजारीच लावलेली होती, ती डब्याच्या पुढच्या बाजूला नेली.

अण्णांच्या कोनाड्यातला अडॅप्टर आता दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लाकडी पट्टीला चिकटवला आहे. केबल खाली लोंबकळू नये म्हणून चौकटीच्या कडेने नेली आणि भिंतीला खिळा न मारता चौकटीच्याच जुन्या खुंटीला अडकवली.