पाच किलोहर्ट्झचा शेजार

शॉर्टवेव्हवर स्टेशनांना सहसा ५-५ किलोहर्ट्झवर जागा दिलेली असते. प्रत्येक स्टेशन मात्र आपल्या जागेच्या दोन्ही बाजूंना साधारण तेवढंच पाय पसरून बसतं. ९६०० किलोहर्ट्झवर हळू आवाजातल्या बातम्या आणि ९६०५ वर दणदणीत गाणं असलं, की बातमीदाराच्या मागे न कळणारी चिरकी बडबड सुरू होते. वर ५००० हर्ट्झची बारीक शिट्टी, दोन स्टेशनांच्या कॅरियरमधल्या, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या मूळ लहरींमधल्या, फरकाची. शिट्टीचं फार मनावर घेऊ नये, टोनचं बटण फिरवलं की ती बरीच बसते. बडबड मात्र अशी बसत नाही.

आधी आरोपी खरंच शेजारी आहे का, ते बघावं. एरियल अर्धा मिटून दोन्ही स्टेशनं सारखीच मंदावली तर तोच. नको असलेलं एकदम नाहीसं होऊन हवं ते स्वच्छ आलं, तर जोरदार सिग्नलने रेडिओच ओव्हरलोड झाला होता आणि औषधही सापडलं. शेजारी असेल तर लांब तार जोडण्याचा हौशी उपाय व्यर्थ. तारेला आपलं-परकं कळत नाही, दोघंही मोठे होतात.

खरा उपाय सरकून बसण्याचा. रेडिओतला फिल्टर, म्हणजे ठरावीक पट्टाच आत घेणारी खिडकी, मध्यापासून ३ किलोहर्ट्झ अलीकडे-पलीकडे उघडा असेल, तर ९६०० वर तो ९६०३ पर्यंतचं सगळं आत घेतो. शेजाऱ्याचा खालचा साइडबँड, म्हणजे कॅरियरच्या खालच्या बाजूला पसरलेला आवाजाचा पट्टा, तिथेच लोळत असतो. ट्यूनिंग ९५९८ वर आणा. आता खिडकी ९५९५ ते ९६०१. आपला कॅरियर आत, आपला खालचा साइडबँड पूर्ण आत, शेजाऱ्याचा जेमतेम १ किलोहर्ट्झ. शॉर्टवेव्ह स्टेशनं सहसा वापरतात त्या एएममध्ये दोन्ही साइडबँड एकच मजकूर सांगतात, म्हणून एक गमावून चालतं. हाव धरून आणखी खाली गेलात तर कॅरियरच काठावर येतो आणि आवाज फाटतो.

अरुंद फिल्टर लावला की स, श, फ ही अक्षरं आधी मरतात आणि निवेदक उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा वाटतो. २ किलोहर्ट्झ अलीकडे-पलीकडेच्या फिल्टरवर ९६०० ला बसलात, तर आवाज साधारण २ किलोहर्ट्झपर्यंतच. त्याच फिल्टरवर ९५९८.५ ला सरकलात, तर साडेतीनपर्यंत. अरुंद करून मध्यातच बसून राहणारे लोक ही चैन फुकट घालवतात.

रेडिओत एसएसबी, म्हणजे एकच साइडबँड ऐकण्याची सोय, असेल तर एलएसबी (खालचा साइडबँड) निवडावं (शेजारी खाली असेल तर यूएसबी, म्हणजे वरचा) आणि बारीक ट्यूनिंगने कॅरियरची शीळ खाली आणत शून्यावर न्यावी. बोलण्याला थोडी चूक चालते, गाण्याला नाही. ज्यात एसएसबीचं एकच बटण असतं, ते साधे सेट दुसरी बाजू नीट कापत नाहीत. तिथे फिल्टर आणि सरकणं यांच्यावरच भिस्त. साइडबँड निवडू देणारा सिंक्रोनस डिटेक्टर, म्हणजे स्टेशनचा कॅरियर आपणहून पकडून ठेवणारं सर्किट, हे काम स्वतःच करतो. सोनीच्या १९८५ च्या आयसीएफ-२०१० मध्ये तो होता. मात्र सिग्नल खोल बुडाला की त्याची पकड सुटते.

दोन्ही बाजूंना शेजारी असले, ९५९५ वर एक आणि ९६०५ वर एक, तर सरकायला जागाच नाही. तोच कार्यक्रम दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर लागतो का, ते शोधावं. नाहीतर घड्याळाकडे बघत थांबावं. तास किंवा अर्धा तास भरला की पुष्कळदा दोघांपैकी एक उठून जातो.