केबल काढली, तरी सर्व्हर उत्तर देत होता

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकांची देवघेव ‘कोहा’वर चालते. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेने २००० साली वापरात आणलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. ‘कोहा’ म्हणजे माओरी भाषेत भेट. ज्या संगणकावर ते होतं तो फार जुना झाला, म्हणून यंदा नवा सर्व्हर घेतला. एका रविवारी वाचनालय बंद असताना मी बॅकअप घेतला, नव्यावर डेबियन ही संगणकप्रणाली टाकली, डेटा चढवला आणि तिन्ही संगणकांवरून पुस्तकं देऊन-घेऊन पाहिली. सगळं व्यवस्थित होतं.

सोमवारी दुपारी सर्व्हरशी असलेलं कनेक्शन गेलं. दहा मिनिटांनी आपोआप आलं. पुन्हा गेलं. संध्याकाळी पुस्तक बदलायला येणाऱ्यांची रांग दारापर्यंत गेली. काउंटरवरच्या मावशींनी जुनं रजिस्टर काढून हाताने नोंदी सुरू केल्या. रोज येणारे एक आजोबा दोनदा उठून आले, “मॅडम, झालं का सुरू?” म्हणून विचारून गेले. एका पुस्तकासाठी त्यांना पाऊण तास बसावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं.

पुढचे दोन दिवस मी चुकीच्या जागी शोधत होते. केबल बदलली, सगळ्या केबली जिथे जोडतात त्या नेटवर्क स्विचचं पोर्ट बदललं, सर्व्हर झोपी जात असेल म्हणून तीही सेटिंग बंद केली. फरक शून्य. कनेक्शन परत आलं की वाटायचं, आत्ता जे केलं त्यानेच आलं. हे फार फसवं असतं.

बुधवारी एक वही घेतली आणि मावशींना सांगितलं, कनेक्शन गेलं की वेळ लिहायची, आलं की वेळ लिहायची, कुठला संगणक तेही लिहायचं. शुक्रवारपर्यंत दोन गोष्टी दिसल्या. सकाळच्या वेळेत एकदाही कनेक्शन गेलं नव्हतं; सगळ्या नोंदी दुपारी दोननंतरच्या होत्या. आणि तिन्ही संगणक एकदम बंद पडत नव्हते. काउंटरचा अडलेला असायचा तेव्हा माझा चालू असायचा. सर्व्हर बिघडला असता तर सगळेच अडले असते.

पुण्यात नेटवर्किंगचं काम करणाऱ्या भाच्याला फोन केला. त्याने विचारलं, “मावशी, पान उघडत नाही तेव्हा बराच वेळ फिरत राहतं, की लगेच नकार येतो?” लगेच यायचा. “मग त्या पत्त्यावर कुणीतरी जिवंत आहे. तुझाच सर्व्हर आहे का ते बघ.”

शनिवारी अडीचला काउंटरचा संगणक अडला. मी पिंग चालू केलं, म्हणजे सर्व्हरच्या पत्त्यावर सतत हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते पाहू लागले. उत्तरं येत होती, पण एरवी एक मिलिसेकंदाच्या आत येणारं उत्तर आता ६०, ११०, ८, ९४ असं वेडंवाकडं येत होतं. तारेवरचं यंत्र असं वागत नाही. मी आत गेले आणि सर्व्हरची केबल काढून हातात धरली. मावशी बाहेरून म्हणाल्या, “अजून येतंय उत्तर.”

अंगावर काटा आला.

मग काउंटरच्या संगणकाचा एआरपी तक्ता पाहिला. कुठला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांक, कुठल्या यंत्राचा, हे प्रत्येक संगणक त्यात लक्षात ठेवतो. आमच्या सर्व्हरच्या पत्त्यासमोर भलताच मॅक पत्ता, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क जोडणीची ओळखखूण, होता, ‘डीए’ने सुरू होणारा. त्यातला दुसरा अंक किंवा अक्षर २, ६, ए किंवा ई असलं की तो पत्ता बहुधा यंत्राने स्वतः बनवलेला असतो. अँड्रॉइड १० पासूनचे मोबाइल वायफायला सहसा असाच पत्ता सांगतात. राउटरच्या यादीत तो सापडला. अभ्यासिकेत दुपारनंतर बसणाऱ्या कुणाचा तरी मोबाइल होता.

चूक माझी होती. जुना संगणक काही दिवस चालू ठेवायचा होता, म्हणून नव्या सर्व्हरला वेगळा पत्ता हवा होता. १९२.१६८.१.१५० ला पिंग केलं, उत्तर आलं नाही, म्हणून तो मोकळा समजले. पण रविवार होता! अभ्यासिका बंद, मोबाइल घरी. आणि राउटर शेवटी १०० ते १९९ आकडा असलेले पत्ते वायफायवाल्यांना स्वतः वाटतो. ओळखीच्या मोबाइलला तो शक्यतो त्याचाच जुना पत्ता परत देतो. एका पत्त्याला दोन मालक झाले. ज्याने शेवटचं उत्तर दिलं त्याच्याकडे संगणक वळायचा, आणि प्रत्येकाचा तक्ता वेगळा म्हणून एक अडायचा, दुसरा चालायचा. घरी गेलेल्या मोबाइलचा पत्ता तपासून कळणार नव्हता. राउटरच्या वाटपाबाहेरचा पत्ता घेणं हाच उपाय होता.

त्याच रात्री सर्व्हरला १९२.१६८.१.१० दिला, कोहाच्या सेटिंगमधले दोन्ही पत्ते बदलले, तिन्ही संगणकांवरचे बुकमार्क नवे केले आणि सर्व्हरच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली.

मोबाइल कुणाचा, हे मी अभ्यासिकेत विचारलं नाही. पोरं परीक्षेच्या तयारीला बसतात, त्यांच्या डोक्याला आणखी घोर कशाला. सोमवारी दुपारी मी काउंटरवरच बसून राहिले. आजोबा आले, पुस्तक ठेवलं, दुसरं घेतलं, दोन मिनिटांत निघालेही. मावशींची वही समोर उघडीच होती. त्या दिवशी तिच्यात काही लिहावं लागलं नाही.