जॅम वेगामुळे होतो का? पॉइंट बावीस पिस्तुलाची पुढची नोंद

मागच्या नोंदीपर्यंत एवढं कळलं होतं: स्टँडर्ड पिस्तूल या नेमबाजी प्रकारातल्या पाच-पाच गोळ्यांच्या १५० सेकंदांच्या सिरीज सुरळीत जातात, २० सेकंदांत अधूनमधून कुरकुर होते आणि १० सेकंदांत एखादी गोळी हमखास अडकते. ज्याला विचारावं तो म्हणतो, "फास्ट मारलं की जॅम होणारच." मला ते पटत नव्हतं. ब्लोबॅक पिस्तुलाचा बोल्ट, म्हणजे गोळीच्या धक्क्याने मागे सरकून पुढची गोळी भरणारा भाग, मागे जाऊन परत येतो तो डोळ्याचं पातं लवायच्या आत. पुढची गोळी मी दीड सेकंदाने मारणार की अर्ध्या मिनिटाने, हे त्याला कुठून कळणार? फरक पडलाच तर तो माझ्या पकडीने, घाईत भरलेल्या मॅगझिनने (गोळ्यांच्या डबीने) किंवा तोवर पिस्तुलात साचलेल्या घाणीने पडेल.

म्हणून या वेळी क्रमच उलटा केला. पिस्तूल साफ करून आधी १० सेकंदांच्या सिरीज मारल्या, मग २० च्या आणि शेवटी १५० च्या. दहाच्या सगळ्या सिरीज बिनबोभाट गेल्या. निवांतपणे मारायच्या १५० सेकंदांत, तेही शेवटाकडे, बोल्ट पूर्ण बंद होईना. म्हणजे वेगाचा काही संबंध नाही. मॅचमध्ये १० सेकंदांची पाळी येते तेव्हा नोंदीच्या ४० गोळ्या आणि वर साइटिंगच्या, म्हणजे सुरुवातीच्या चाचणीच्या, गोळ्या होऊन गेलेल्या असतात. दोष गोळी कितवी आहे याचा होता, आणि आपण तो घड्याळाच्या माथी मारत होतो. ज्यांचं पिस्तूल "फक्त रॅपिडमध्ये" अडकतं त्यांनी दुसरं काहीही बदलण्याआधी हा प्रयोग करावा. खर्च शून्य.

नोंद ठेवायची पद्धतही बदलली. चारही मॅगझिनांच्या तळाला पेंट मार्करने आकडे घातले. अडथळा आला की पिस्तूल लक्ष्याच्या दिशेलाच, बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि मोकळं करण्याआधी नीट बघून घ्यायचं: मॅगझिन कोणतं, पाचांतली कितवी गोळी, बोल्ट कुठे थांबलाय, आधीच्या गोळीचं रिकामं केस, म्हणजे पुंगळी, किती लांब पडलंय. अडकलेली गोळी बाहेर काढल्यावर तिच्या नाकावरची खूण. त्याशिवाय गोळ्यांचा लॉट (एकत्र बनलेली खेप) आणि साफसफाईनंतर झालेल्या गोळ्या. नुसतं "जॅम" लिहिलेल्या जुन्या पानांचा आज काडीचा उपयोग होत नाही.

या पद्धतीने लिहायला लागल्यावर एकाच नावाखाली दोन वेगळे आजार सापडले.

पहिला चेंबरचा, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या पोकळीचा. साफसफाईनंतर जसजशा गोळ्या वाढतात तसतसा बोल्ट पूर्ण बंद होण्याच्या अगदी किंचित आधी थांबतो. मॅगझिन कोणतंही असो, गोळी कितवीही असो. पॉइंट बावीस लाँग रायफल हे १८८७ सालापासूनचं काडतूस, आणि त्याची बुलेट आजही मागे टाच असलेली आहे: टाच केसमध्ये, बाकीचं शिसं केसच्याच जाडीचं आणि उघडं, वर मेणाचा किंवा ग्रीसचा थर. त्यामुळे केसचं तोंड जिथे येतं तिथे, चेंबरच्या पुढच्या भागात, जळलेली पावडर, मेण आणि शिसं यांचं कडं बसत जातं. नवीन गोळी त्या कड्यावर टेकते आणि रिम, म्हणजे केसच्या बुडाची बाहेर आलेली कड, मागच्या बाजूला किंचित उंच राहते.

गंमत अशी की हाच आजार माझ्या वहीत "मिसफायर" म्हणूनही नोंदला जात होता. गोळी पूर्ण बसलेली नसली की रिमवर आदळून गोळी उडवणाऱ्या फायरिंग पिनची अर्धी ताकद तिला आत ढकलण्यातच जाते. रिमवर फिकट ठसा पडतो, गोळी उडत नाही, आणि तीच गोळी पुन्हा घातली तर बिनतक्रार उडते. दुसऱ्या फटक्याला उडणाऱ्या गोळ्या वाढल्या तर लॉटला शिव्या देण्याआधी चेंबर बघा. ट्रिगर खेचूनही गोळी उडली नाही तर बोल्ट लगेच उघडू नये, नळी लक्ष्याकडे ठेवून थोडं थांबावं, हे वेगळं सांगायला नको.

उपाय साधा आहे. ब्राँझचा ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून मागच्या बाजूने चेंबरमध्ये फिरवायचा, मग कापडाचा पॅच कोरडा येईपर्यंत पुसायचं. संपूर्ण बॅरल दरवेळी घासायची गरज नाही, मी ती क्वचितच घासते. चेंबर साफ असताना गोळी बोटाने किती सहज सरकते ते लक्षात ठेवलं की पुढच्या वेळी बोटालाच फरक कळतो. याच वेळी चेंबरची कडही तपासावी. अशा रिमवर पिन आदळणाऱ्या, म्हणजे रिमफायर पिस्तुलांत रिकाम्या चेंबरवर ट्रिगर खेचला (ड्राय फायर) तर काही पिस्तुलांत पिन थेट कडेवर आदळते आणि तिथे बारीक उंचवटा उठतो. कापसाचा बोळा कडेवरून फिरवा, तंतू अडकले तर आर्मररकडे (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे) जा. कानस स्वतः हातात घेऊ नका.

दुसरा आजार तीन नंबरच्या मॅगझिनचा, आणि मला तो जास्त रंजक वाटला. इथे घाणीचा संबंध नाही. अडकते ती चौथी किंवा पाचवी गोळीच, आणि नाकावर खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखी खूण असते. खूण खाली म्हणजे गोळीने नाक खाली घालून रॅम्पला, म्हणजे चेंबरकडे नेणाऱ्या उताराला, धडक दिली. खूण वर असती तर गोळी जास्त चढून चेंबरच्या वरच्या कडेला लागली असं समजायचं, आणि मग संशय लिप्सवर, म्हणजे मॅगझिनच्या तोंडाच्या वळलेल्या कडांवर, जास्त. शेवटच्या गोळ्यांनाच नाक खाली जातं, कारण मॅगझिन रिकामं होत आलं की स्प्रिंगचा दाब सगळ्यांत कमी असतो आणि तेव्हाच गोळ्यांना खालून वर ढकलणारा फॉलोअर डगमगला तर गोळी सरळ राहत नाही. उलट, भरलेल्या मॅगझिनची पहिलीच गोळी अडकत असेल तर दाब जास्त होतोय का किंवा मॅगझिन कॅचमध्ये (धरून ठेवणाऱ्या खिट्टीत) पूर्ण बसलंय का, ते बघावं.

तीन नंबर उघडलं. फॉलोअरच्या खाली मेण आणि न जळलेल्या पावडरीचा चिकट थर होता, बाकीच्या तिघांत त्याच्या निम्माही नाही. कारण लगेच कळलं: हे मॅगझिन जुन्या मालकाकडून आलेलं आणि आतून तेल लावलेलं. मॅगझिनच्या आत तेल नको. तेल सगळा कचरा धरून ठेवतं, आणि आत सरकणाऱ्या भागांवर इतका भार नसतो की तेलावाचून अडावं. कोरडा नायलॉन ब्रश, कोरडं फडकं, झालं. स्प्रिंग बाहेर काढून एक नंबरच्या स्प्रिंगशेजारी उभी केली तर स्पष्ट आखूड दिसली. साफ केल्यावर त्रास कमी झाला, पूर्ण गेला नाही. मग दोन्ही स्प्रिंगांची अदलाबदल केली आणि त्रास एक नंबरच्या मॅगझिनमध्ये गेला. स्प्रिंग दोषी ठरवायला याहून ठोस पुरावा नको. काहीजण जुनी स्प्रिंग ताणून लांब करतात. दोन सरावांपुरती ती चालते आणि मॅचच्या दिवशी परत आखूड होते. दोन्ही स्प्रिंगा आपापल्या जागी परत घातल्या आणि नवीन मागवली आहे.

लिप्स डिजिटल व्हर्नियरने मोजल्या, पुढे आणि मागे, चारही मॅगझिनांच्या. फरक नगण्य निघाला, त्यामुळे पक्कड कपाटातच राहिली. आयपीएससी (प्रॅक्टिकल शूटिंग) वाल्यांचं नऊ मिलिमीटरचं जग वेगळं आहे, त्यांच्या काडतुसाला बाहेर आलेली रिम नसते. पण लिप्स मोजून लिहून ठेवायचं त्यांचं वेड आपण जरूर घ्यावं. मॅगझिन ठणठणीत असतानाचं माप नसेल तर बिघडल्यावर तुलना कशाशी करणार?

रिमचा विषय निघालाच आहे तर भरण्याबद्दल. वरच्या गोळीची रिम खालच्या गोळीच्या रिमच्या पुढे असायला हवी. मागे राहिली तर बोल्ट वरची गोळी ढकलतो तेव्हा ती खालचीला धरून ओढते आणि दोघीही अडकतात. बोटाने फॉलोअरचं बटण पार खाली दाबून पाचही गोळ्या भसाभस आत टाकल्या की हे घडतं. प्रत्येक गोळीपुरतंच बटण खाली घ्यायचं. माझ्या मॅगझिनची मागची भिंत तिरकी आहे, त्यामुळे भरून झाल्यावर पाठ तळहातावर हलकेच टेकवली की रिमा आपोआप ओळीत बसतात.

निदान करताना एका गोष्टीवर विसंबू नका: डमी गोळ्या घालून हाताने हळूहळू बोल्ट चालवणं. गोळी कुठून कशी सरकते ते बघायला ते छान आहे, पण हळू चालवलेला बोल्ट चांगल्या मॅगझिनमध्येही गोळी अडकवतो आणि मरगळलेल्या स्प्रिंगला गोळी वर आणायला हवा तेवढा वेळ देतो. मोकळ्या चेंबरवर बोल्ट बंद झाला तर त्याऐवजी रिकाम्या केसकडे बघा. केस पायाशी पडलं असेल किंवा ते बाहेर पडायच्या खिडकीतच उभं अडकलं असेल तर बोल्ट पुरेसा मागे गेलेला नाही (सौम्य लॉट, घाण, सैल पकड), नाहीतर केस ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर झिजलाय. केस नेहमीसारखं लांब उडालं आणि तरी चेंबर मोकळं, तर बोल्टने आपलं काम केलंय, मॅगझिनने गोळी वेळेत वर आणली नाही.

हे सगळं सरावातलं. मॅचमध्ये हात लावायचा नाही. पिस्तूल लक्ष्याकडे, मोकळा हात वर, आणि रेंज ऑफिसर येईपर्यंत बोल्टला किंवा सेफ्टीला स्पर्शही नाही. आधीच उघडून बघितलंत तर ग्राह्य धरता आलं असतं असं मालफंक्शनही (बिघाडही) अग्राह्य ठरतं. सिरीज पुन्हा मारायची सवलतही मर्यादित वेळाच असते, त्यामुळे तिच्या भरवशावर मॅचला जाण्यात अर्थ नाही.

सध्याची स्थिती: एक, दोन आणि चार नंबर मॅचच्या पेटीत, तीन नंबर लाल टेप लावून फक्त सरावाला. चेंबर मॅचच्या आदल्या दिवशी साफ, पण मॅचच्या सकाळी नाही, कारण साफसफाईनंतरच्या पहिल्या काही गोळ्यांचा लक्ष्यावरचा गट माझ्याकडे थोडा फाकतो. नवीन स्प्रिंग आली की ती तीन नंबरमध्ये घालून पुन्हा उलट्या क्रमाने पूर्ण ६० गोळ्या मारणार, लॉट तोच ठेवून. त्यानंतर एक्स्ट्रॅक्टरची नखी भिंगाखाली बघायची आहे, कारण दोन नंबरने परवा एक केस खिडकीत उभं ठेवलं आणि त्याचं कारण अजून वहीत नाही.