खोक्यातल्या दोन प्रती

चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात एका लहानशा पुस्तकाच्या दुकानात मी मागच्या खोलीत काम करते. माल उतरवून घ्यायचा, यादीशी ताडून बघायचा, कपाटात लावायचा आणि रेमितेंडा. हा शब्द इथे लागल्यावर पहिल्याच आठवड्यात शिकले, न खपलेली पुस्तकं वितरकाला परत पाठवणं. बाहेरच्या माणसाला वाटतं पुस्तक दुकानात येतं आणि विकलं जातं, पण बरीचशी येतात, चार-सहा महिने उभी राहतात आणि परत जातात. चेक लोकसंख्या साधारण एक कोटी, आणि वर्षाला दहा हजाराच्या वर नवीन पुस्तकं निघतात, कपाटं काही वाढत नाहीत.

इथल्या वाचकांचा मोठा दिवस म्हणजे मॅग्नेझिया लितेरा. 2002 पासून दरवर्षी मिळणारा पुरस्कार, मॅग्नेझिया हे प्रायोजक मिनरल वॉटरचं नाव. आदल्या वर्षी निघालेली पुस्तकं प्रकाशक पाठवतात, गद्य, कविता, मुलांची पुस्तकं, अनुवाद, पदार्पण अशा विभागांच्या वेगवेगळ्या ज्युरी असतात, आणि सगळ्यांच्या वर एक 'वर्षाचं पुस्तक'. मला यातली आवडणारी गोष्ट ही की वर्षाचं पुस्तक कादंबरीच असेल असं नाही. 2020 ला पेत्र चोर्नेय यांचं यान झिश्का या जुन्या चेक सेनापतीवरचं इतिहासाचं पुस्तक होतं, 2021 ला मार्टिन हिल्स्की यांचं शेक्सपिअरच्या इंग्लंडबद्दलचं, दोन्ही चांगली जाडजूड, एका हातात धरवत नाहीत.

तर मी सांगतेय ती दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुस्तकाचं नाव मुद्दामच लिहीत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी कॉम्प्युटरने नेहमीप्रमाणे यादी काढली, सहा महिन्यात एकही प्रत न गेलेली पुस्तकं. त्यात एक बारकासा कवितासंग्रह होता. एक बाई एकटीच घरून प्रकाशन चालवते, तिने काढलेला, सगळ्या मिळून 400 प्रती. आमच्याकडे तीन. एक काचेत लावलेली, दोन कपाटात. मी त्यातल्या चार-पाच कविता डबा खाताना डिक्शनरी शेजारी घेऊन वाचल्या होत्या, सगळ्या कळल्या नाहीत पण एक वाचून डबा तसाच राहिला होता. तरी यादीत नाव आहे म्हटल्यावर दोन प्रती खोक्यात घातल्या. त्या यादीला पाककृतीचं पुस्तक आणि कविता यातला फरक कळत नाही, दोघांना सहाच महिने, आणि हे मला आजही पटत नाही.

खोकं टेप लावून, चिठ्ठी चिकटवून दाराशी ठेवलं. कुरिअरवाला त्या आठवड्यात आलाच नाही. मार्चच्या सुरुवातीला नामांकनं जाहीर झाली आणि कवितेच्या विभागात तोच संग्रह. खोकं अजून दाराशी होतं. मी ते बघितलं. काढायचं तर टेप फाडा, 40 पुस्तकं उपसा, परतीचा कागद रद्द करून नवा काढा, त्याला मालकिणीची सही आणि ती त्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे गेलेली. अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं जाऊदे, कवितेचं नामांकन आहे, कोण विचारायला येतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी खोकं गेलं.

एप्रिलमध्ये समारंभ टीव्हीवर लाईव्ह असतो, मी घरी वही घेऊनच बसते, कुठलं नाव आलं की सकाळी किती मागवायचे ते लिहायला. कवितेचं नाव आलं तेव्हा माझ्या हातातला पेन थांबला.

सकाळी दुकान उघडल्यापासून दुपारी एकपर्यंत नऊ जण तो संग्रह मागायला आले. कवितासंग्रहासाठी नऊ माणसं, आमच्या दुकानात, एका सकाळी! काचेतली प्रत पहिल्या माणसाने नेली, उन्हाने तिचं निळं कव्हर पार फिकं पडलं होतं, तो म्हणाला चालेल. बाकी आठ जणांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून घेतली. त्यात एक म्हातारी बाई होत्या, शेजारच्या गावाहून बसने आल्या होत्या. मला विचारलं, "तुमच्याकडे कधी होतं का हे?" मी हो म्हटलं. पुढे काय झालं ते नाही सांगितलं.

वितरकाकडे शून्य. प्रकाशन चालवणाऱ्या बाईंना फोन केला तर घरी 11 प्रती होत्या त्या सकाळीच एका ग्रंथालयाला गेलेल्या. आता खरी गंमत नाही तर खरा त्रास इथे आहे. दुकानातून परत गेलेली खोकी वितरकाच्या गोदामात पॅलेटवर पडून असतात, कोणीतरी उघडून, मोजून नोंद करेपर्यंत कॉम्प्युटरच्या हिशेबात ती पुस्तकं नसतातच. म्हणजे माझ्या दोन प्रती, आणि माझ्यासारख्या इतर दुकानदारांनी पाठवलेल्या असतील त्या, तिथे खोक्यात बंद, आणि सगळ्या देशाला उत्तर काय तर संपलं. मी तिथल्या माणसाला खोक्याचा नंबरसुद्धा दिला. तो म्हणाला, क्रमाने उघडतो. चांगला माणूस आहे तो, त्याच्यावर राग नाही, पण ही पद्धत कोणी एकदा तरी पुस्तकाच्या बाजूने विचार करून बघितली असती तर.

दुसरी आवृत्ती छापून यायला चार आठवडे लागले. आठही जणांना फोन केले, आले तिघे. त्या बाई नाही आल्या. फोन उचलला, मुलीने प्रागहून पाठवलं म्हणाल्या, आभार मानले. तेवढ्याने मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग जूनमध्ये आणखी चार प्रती मागवल्या. खोकं उघडलं तर दोन नव्या छपाईच्या, दोन जुन्या. आमच्याकडे शेवटच्या पानावर खालच्या कोपऱ्यात पेन्सिलने आल्याचा महिना लिहायची पद्धत आहे. जुन्या दोन्ही प्रतींवर तो होता, माझ्या अक्षरात, मी आठ मराठी वळणाचा काढते तो इथे दुसरं कोणीच काढत नाही.

एक मी विकत घेतली. दुसऱ्या प्रतीवरचा महिना न खोडता त्याच्याखाली नवीन महिना लिहिला आणि कपाटात लावली. आता फेब्रुवारीत यादी आली की कवितांची खोकी नामांकनं होईपर्यंत मी बांधत नाही, मालकिणीला सांगितलंय, ती काही बोलली नाही, मान हलवली फक्त.