तुम्ही विचारलंत म्हणून: मराठीत पीएच.डी. करून पोरगी खाणार काय?

परवा नाशिकच्या टिळक पथावर सावानाच्या, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयाच्या पायऱ्या उतरताना एका वडिलांनी गाठलं. "मॅडम, पोरगी मराठीत एम.ए. झाली. आता समीक्षेत पीएच.डी. करायची म्हणते. पोट कशावर भरायचं?" हा प्रश्न मला वर्षातून दहा वेळा तरी येतो. उभ्याउभ्या धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी पैशांचं. नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, वर्षातून दोनदा होते. ३०० गुण, चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यात वरचे गुण पडून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांची जाहिरात निघाली की दाखल्यांसाठी धावाधाव सुरू होते, म्हणून जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जे लागेल ते आत्ताच काढून ठेवा. कायम प्राध्यापकाच्या जागा मात्र कमी आहेत, हे लपवणार नाही. तासिका तत्त्वावर मी नऊ वर्षं काढली.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पहिला शोधनिबंध छापायला मी एका नियतकालिकाला दीड हजार रुपये भरले होते. चौथ्या दिवशी प्रमाणपत्र घरी आलं. दोन महिन्यांनी अंक आला, तर सगळ्या तळटीपा गायब आणि प्रत्येक 'ळ'च्या जागी रिकामा चौकोन. तो अंक मी आईला दाखवला नाही. आजही मुलं असे पैसे भरतात, तेव्हा जीव तुटतो. प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापून आणायची सक्ती युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२च्या नियमांतून काढली आहे (आपल्या विद्यापीठाचा नियम तेवढा विचारून घ्या). २०२५ मध्ये केअर यादी, म्हणजे युजीसीची मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी, तीही बंद झाली. म्हणजे नियतकालिक चांगलं की वाईट, हे आता आपणच मागचे अंक वाचून ठरवायचं. 'नवभारत', 'भाषा आणि जीवन', 'महाराष्ट्र साहित्य पत्रिका' यांचे जुने अंक तिला चाळू द्या. लेख कसा उभा राहतो ते तिथे कळतं.

बातम्या चांगल्याही आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. त्याच वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार डॉ. सुधीर रसाळ यांना मिळाला, तोही समीक्षेच्या पुस्तकाला! त्या दिवशी मी वर्गात पेढे वाटले होते.

आणि विषयासाठी पुण्या-मुंबईकडे बघायची गरज नाही. कुसुमाग्रजांवर पुष्कळ लिहून झालंय, पण आपल्या गोदाकाठच्या वसंत व्याख्यानमालेत कोण काय बोललं, लोकांनी ते कसं घेतलं, यावर कुणीतरी नेटाने बसायला हवं. १८४० पासूनचं वाचनालय हाताशी आहे, जुन्या पोथ्या आहेत.

तुमच्या मुलीला एवढंच सांगा: यंदा आलेल्या एखाद्या कादंबरीवर हजार शब्द लिहून आण, स्वतःचे. शनिवारी दुपारी मी वाचनालयातच असते.