समासातली नोंद

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली, काही विसरत नाही. प्रोग्रामरांच्या जगात हा गुण समजतात. 2005 साली लिनस टॉरवाल्ड्सने लिनक्सच्या कामासाठी ते लिहिलं, तेव्हापासून प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक बदलाला, सहसा 40 अक्षरांचा एक ठसा असतो. तो काढताना कोडबरोबर लेखकाचं नाव धरलं जातं, आधीच्या कमिटचा ठसाही धरला जातो. त्यामुळे जुन्या एका कमिटमधलं नाव बदललं की तिथून पुढचे सगळे ठसे बदलतात, आणि ठिकठिकाणच्या प्रती एकमेकींशी जुळेनाशा होतात. मी ट्रान्स बाई. माझी सुरुवातीची कमिटं जुन्या नावाने आहेत आणि तशीच राहणार.

यावर उपाय म्हणजे मेलमॅप नावाची साधी मजकुराची फाइल. अमुक ईमेलवाल्या माणसाचं खरं नाव तमुक, एवढंच तिच्यात लिहायचं. इतिहासाला हात लागत नाही, दाखवताना मात्र नवं नाव दिसतं. जुन्या ईमेलमध्येच जुनं नाव असेल तर पंचाईत. मग झाकायच्या पडद्यावरच ते भरतकाम करून ठेवल्यासारखं होतं.

मी कॅथलिक घरात वाढले. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरची रीतही अशीच असते. मूळ ओळ खोडत नाहीत. पुढचं दृढीकरण, लग्न वगैरे त्याच नोंदीशेजारी समासात लिहितात. शिकवण तर म्हणते की बाप्तिस्म्याने आत्म्यावर कधीही न पुसला जाणारा ठसा उमटतो. रीतसर चर्च सोडणाऱ्यांचा जो उल्लेख विवाहाच्या नियमांत होता, तोही 2009 मध्ये काढून टाकला गेला. म्हणजे श्रद्धा गेली तरी रजिस्टरपुरती मी अजून तिथेच, जुन्या नावाने.

याचा मला फारसा राग येत नाही, याचंच मैत्रिणींना नवल वाटतं. इतिहास पुसू नये हे मला मनापासून पटतं. माझं भांडण समासाशी आहे: तिथे लिहायचा हक्क कुणाला? बायबलमध्ये अब्रामचा अब्राहाम होतो, याकोबाचा इस्राएल होतो आणि कुणी कागदपत्रं मागत नाही. त्यातल्याच यशयाच्या पुस्तकात, 56व्या अध्यायात, खोजांना, म्हणजे खच्ची केलेल्या पुरुषांना, मुलामुलींपेक्षाही चांगलं, कायम टिकणारं नाव देण्याचं आश्वासन आहे. चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेच्या, म्हणजे उपासनेच्या, वाचनांत हा अध्याय येतो खरा, पण पहिल्या वचनावरून थेट सहाव्यावर उडी मारतो. मधलं आश्वासन गाळलेलं. ते मी घरी, स्वतः पुस्तक उघडल्यावर वाचलं. 2023 मध्ये व्हॅटिकनने ट्रान्स व्यक्तींना काही अटींवर बाप्तिस्मा देता येईल असं कळवलं, तेव्हा इतरांसाठी बरं वाटलं. परतावंसं नाही वाटलं.

मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांतही, म्हणजे कोड सगळ्यांना वाचता-बदलता यावा म्हणणाऱ्यांतही, देव्हारा आहेच. प्रोग्राम चालवायचं, वाचून बदलायचं, वाटायचं आणि बदललेला वाटायचं अशी चार स्वातंत्र्यं, तीही शून्यापासून मोजलेली, लोक धर्मसूत्रासारखी म्हणतात. या चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन तर डोक्यामागे जुन्या डिस्कच्या तबकडीचं प्रभामंडळ लावून संत इग्न्यूशियस व्हायचे. मला हसू येतं, आणि मग जरा सावधही व्हायला होतं. 2014 मध्ये उघडकीला आलेला हार्टब्लीड नावाचा, इंटरनेटवरची गुपितं फोडू शकणारा दोष दोन वर्षं सगळ्यांसमोर उघड्या कोडमध्ये पडून होता. पुस्तक उघडं असणं वेगळं, ते कुणी वाचणं वेगळं.

तरीही उघडं हवंच, आणि हे मला चर्चपेक्षा दवाखान्याने जास्त शिकवलं. हिमोग्लोबिनचंच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने प्रौढ पुरुषाचं 13च्या खाली गेलं की रक्तक्षय; गरोदर नसलेल्या स्त्रीचं 12च्या खाली. इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरोन रोखणारी औषधं सुरू केली की काही महिन्यांत आकडा बायकांच्या पट्ट्यात उतरतो. मग 12.4 आला तर? लिंगाच्या रकान्यात पुरुष असेल तर रिपोर्टवर लाल खूण, स्त्री असेल तर काही नाही. रक्त तेच. उलट रकान्यात स्त्री लिहिलं की काही प्रणाली प्रोस्टेटची तपासणी नोंदवूच देत नाहीत, आणि प्रोस्टेट तर शस्त्रक्रियेनंतरही जागेवर असते. काउंटरवरची माणसं बिचारी म्हणतात, सिस्टीम घेत नाही. जणू सिस्टीम आकाशातून पडली. कुणीतरी एका दुपारी लिहिलेली ती एक अट असते.

कॅरन सँडलर या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतल्या वकील. त्यांच्या हृदयापाशी डिफिब्रिलेटर, म्हणजे ठोके बिघडले तर विजेचा झटका देणारं यंत्र, बसवला आहे. त्याचा कोड वाचायला मागितला, तो मिळाला नाही. गरोदरपणात त्या यंत्राने गरज नसताना झटके दिले. स्वतःच्या छातीतलं वाचता येऊ नये! इतक्या आंधळ्या विश्वासाची मागणी माझ्याकडे फादरांनीसुद्धा केली नव्हती. ते निदान प्रश्न विचारू द्यायचे.

नियम बदलतात, पण कुठे लिहिलेत ते सापडलं तर. आमच्यासारख्यांची नोंद रोगांच्या आंतरराष्ट्रीय यादीत मानसिक विकारांखाली एफ 64 अशी होती. 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत ती लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात, एचए 60 म्हणून गेली. क्रमांक होता, पान होतं, म्हणून लोकांना बोट ठेवून भांडता आलं.

हल्ली रात्री मी रुग्णनोंदींच्या एका मुक्त प्रणालीचा कोड चाळते आणि लिंगाचा रकाना कुठे कुठे वाचला जातो ते शोधते. औषधाच्या मात्रेसाठी, रक्ताच्या पट्ट्यांसाठी असेल तर ठीक, तिथे विचार करून अवयवांची वेगळी यादी ठेवायला सुचवता येतं. पण काही ठिकाणी तो रकाना निव्वळ पत्रावर श्री. छापायचं की श्रीमती, एवढ्याचसाठी वाचला जातो. त्या ओळी काढायचा प्रस्ताव मी पाठवून दिला आहे, नव्या नावाने.